तीन मॉनिटर, चार तक्रारी आणि बिचारं ग्राफिक्स कार्ड

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर सल्लागाराचं ऑफिस, एक डेस्कटॉप, त्याला तीन मॉनिटर. मध्ये नवा २७ इंची फोर-के, डावीकडे २४ इंची फुल एचडी, उजवीकडे जुना चौकोनी १९ इंची. दोन महिन्यांपूर्वी नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. तेव्हापासून डावा मॉनिटर दिवसातून चार-पाच वेळा दोन सेकंद काळा होतो आणि आपोआप परत येतो. चहाला जाऊन आलं की मधल्या स्क्रीनवर मांडलेल्या सगळ्या विंडो डावीकडे जाऊन बसलेल्या असतात. उजवा मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतो. शिवाय हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरं मधल्या स्क्रीनवर धूसर दिसतात. दुकानदार म्हणतो कार्ड सदोष आहे, वरचे पैसे भरा, मोठं कार्ड घ्या.

कार्ड बदलू नका. निदान इतक्यात तरी नाही.

घरात नवी सून आली आणि त्याच दिवशी दूध उतू गेलं, तशी त्या कार्डाची गत झाली आहे. मी नाशिकमध्ये २२ वर्षं ऑफिसांची कॉम्प्युटर बसवतो आणि दुरुस्त करतो. तुमची तक्रार वाचून मला तरी चार वेगळी दुखणी दिसतात, आणि त्यातलं एकही कार्डाचं वाटत नाही. कार्ड नवं आलं याचा दुसरा अर्थ असा, की सीपीयूच्या मागच्या सगळ्या केबल एकदा निघाल्या आणि वेगळ्या पोर्टात बसल्या. मी त्या मागच्या बाजूपासून सुरुवात करेन.

आधी काळ्या होणाऱ्या स्क्रीनचं बघू, कारण त्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. पहिला प्रश्न एकच: एक मॉनिटर काळा होतो की सगळे एकदम? सगळे एकदम काळे होऊन परत येत असतील तर कार्ड, त्याचा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून टाकलेलं सॉफ्टवेअर) किंवा एसएमपीएस (सीपीयूच्या आतला वीज पुरवणारा डबा) यांच्याकडे बोट दाखवता येतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टम' या नोंदींत 'डिस्प्ले' नावाखाली ४१०१ क्रमांक दिसला, तर ड्रायव्हर अडकून पुन्हा उभा राहिला असं समजायचं. तुमच्याकडे एकटा डावा काळा होतो, मधला ठणठणीत असतो. म्हणजे संशयित तीनच: तो मॉनिटर, त्याची केबल आणि कार्डावरचं ते एक पोर्ट.

आता अदलाबदल करायची, पण एका वेळी एकच. आज फक्त केबल बदला, मॉनिटर आणि पोर्ट तेच ठेवा, आणि दिवसभर काम करा. काळं होणं थांबलं तर केबल दोषी. थांबलं नाही तर उद्या डावा मॉनिटर कार्डावरच्या दुसऱ्या पोर्टाला लावा. तरीही तोच काळा होत असेल तर दोष मॉनिटरबरोबर चालत गेला. दोष कोणाचा पदर धरून चालतो एवढंच बघायचं असतं. घाईत केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर तिन्ही एकदम बदलणारे लोक मी रोज बघतो. कधीकधी बरंही होतं, पण कशाने झालं ते कळत नाही, आणि महिन्याने तेच दुखणं परत आलं की पुन्हा पहिल्यापासून.

केबल बदलण्याआधी ती नीट बसली आहे का ते हाताने बघा. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या मॉनिटरच्या केबलच्या दोन जाती. एचडीएमआयला खटका नसतो, ती नुसत्या घट्टपणावर टिकते. मॉनिटर भिंतीवर किंवा आर्मवर असेल आणि तीन मीटरची जाड केबल खाली लोंबत असेल, तर तिच्याच वजनाने पिन हळूहळू तिरकी होते. केबलला टेबलाच्या पायाशी एक टाय मारून तो ताण काढला की अर्धी दुखणी जातात. डिस्प्लेपोर्टला मात्र बहुतेक वेळा खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढू नका. ओढून पोर्टासकट पत्रा बाहेर आलेली कार्डं माझ्या खणात तीन आहेत. (कोकणातून आलेल्या मशिनच्या व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मॉनिटर केबलच्या, पिनांवर हिरवट थर आणि स्क्रू गंजून जाम, हेही नेहमीचं. तुमच्याकडे हवा कोरडी आहे असं गृहीत धरतो.)

हवा कोरडी असण्याचा मात्र दुसरा त्रास असतो, आणि त्याने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं आहे. जानेवारीतली गोष्ट. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात अशीच तक्रार होती, एक स्क्रीन मध्येच दोन सेकंद काळी. मी मॉनिटरचा अ‍ॅडॉप्टर बदलला, पैसे घेतले, आलो. दुसऱ्या दिवशी फोन. मग दुसरा मॉनिटर लावला, तोही काळा झाला. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्याच खुर्चीत दोन तास बसून राहिलो आणि काहीही झालं नाही. कंटाळून उठलो, आणि उठता क्षणी स्क्रीन काळी. बसलो, काही नाही. उठलो, पुन्हा काळी. त्यांची मुलगी समोर उभी होती. ती म्हणाली, "काका, खुर्ची भुताची आहे."

भुताची नव्हती, गॅसवर वर-खाली होणारी साधी ऑफिसची खुर्ची होती. कोरड्या हवेत माणूस फोमच्या गादीवरून उठतो तेव्हा खुर्चीच्या लोखंडी भागात स्थिर वीज साठते आणि ती ठिणगीसारखी आतल्या आत सुटते. त्या ठिणगीचा विद्युतचुंबकीय झटका जवळून गेलेल्या डिस्प्लेच्या केबलला अँटेना समजून आत शिरतो. मॉनिटर आणि कार्ड यांच्यातलं संभाषण तुटतं, मॉनिटर पुन्हा जुळवून घेतो, आणि त्याला दोन सेकंद लागतात. हा प्रकार डिस्प्लेच्या धंद्यातल्या लोकांना चांगला माहीत आहे, मला त्या दिवसापर्यंत नव्हता. लांब, पातळ, स्वस्तातली केबल काढून दीड मीटरची चांगली शील्डवाली टाकली, ती खुर्चीच्या बाजूने न नेता टेबलाच्या मागून नेली, आणि थांबलं. अ‍ॅडॉप्टरचे पैसे परत केले.

म्हणून तुम्हाला सांगतो, पुढचे दोन दिवस स्क्रीन काळी झाली की त्या क्षणी काय घडलं ते कागदावर लिहा. कोणी खुर्चीतून उठलं? पंखा किंवा ट्यूब चालू केली? शेजारचा लेझर प्रिंटर जागा झाला? चार-पाच नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं.

यालाच जोडून अर्थिंग. सीपीयूच्या मागच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात का? टेस्टर टेकवला तर मंद पेटतो का? आपल्याकडच्या जुन्या इमारतींत हे इतकं सर्रास आहे की लोकांना ते दुखणंच वाटत नाही. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळायला जे कपॅसिटर असतात ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींमधून पत्र्याशी जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५च्या आसपास तरंगत राहतो. करंट फार थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण मॉनिटर एका बोर्डावर, सीपीयू दुसऱ्या बोर्डावर, एकाला अर्थिंग आहे आणि दुसऱ्याला तीन पिनांचं दोन पिनांवर आणणारं ते दहा रुपयांचं कन्व्हर्टर लावलंय, अशा अवस्थेत चालू मशिनला एचडीएमआय खुपसली की तो फरक केबलमधून वाट काढतो. पोर्ट मेलेली कार्डं मी बघितली आहेत ती बरीचशी अशीच. केबल लावताना दोन्हीकडचं बटण बंद करा, सगळं एकाच अर्थिंगवाल्या बोर्डावर घ्या, आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. फेज ते अर्थ जवळपास फेज ते न्यूट्रलइतकंच व्होल्टेज दिसायला हवं. हे काम स्वतः करू नका.

आता चहाचं. विंडो कुठे गेल्या यापेक्षा त्या कुठून पळाल्या हे महत्त्वाचं. मधल्या फोर-केवरून पळून डावीकडे गेल्या. म्हणजे तुम्ही नसताना विंडोजच्या दृष्टीने मधला मॉनिटर टेबलावरून उचलून नेला होता. तो तुमच्याकडे डिस्प्लेपोर्टवर असणार, डावा एचडीएमआयवर. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात त्याची ओळख लिहिलेली एक छोटी चिप असते, कंपनी, मॉडेल, कोणकोणती रिझोल्यूशन चालतात वगैरे. तिला ईडीआयडी म्हणतात. एचडीएमआयमध्ये ही चिप वाचायला लागणारे ५ व्होल्ट कार्डाकडूनच केबलमधून जातात, त्यामुळे मॉनिटर बंद असला तरी बऱ्याचदा तो 'आहे' असंच कार्डाला वाटतं. डिस्प्लेपोर्टवरचे अनेक मॉनिटर मात्र बटणाने बंद केले, किंवा फार गाढ झोपले, की 'मी जोडलेला आहे' ही खूणच काढून घेतात. विंडोज प्रामाणिकपणे समजतं की मॉनिटर गेला, आणि त्याच्यावरच्या विंडो उरलेल्या स्क्रीनवर आणून ठेवतं.

तर मला सांगा, चहाला उठताना तुम्ही वीज वाचवायला मॉनिटरचं बटण दाबता का? दाबत असाल तर तेवढं बंद करा, स्क्रीन आपोआप झोपू द्या. मग मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत 'डीप स्लीप' किंवा तशा नावाचा पर्याय असेल तर तो बंद करा. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' या ओळीसमोर टिक आहे का बघा. ती असली की मॉनिटर परत आल्यावर विंडो बहुतेक वेळा आपल्या जागी परत जातात. विंडोज १० मध्ये ही सोय नाही. त्याचा अधिकृत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा कर भरणाऱ्या लोकांची कागदपत्रं असलेलं मशिन त्यावर ठेवू नये हे वेगळंच.

एक गोष्ट आपल्याकडचीच. सीपीयू आणि एक मॉनिटर यूपीएसवर, आणि जागा नाही म्हणून दुसरा मॉनिटर थेट भिंतीवरच्या बोर्डावर. लाईट अर्धा सेकंद जरी गेली तरी तो दुसरा मॉनिटर बंद पडून उठतो आणि विंडोंची पळापळ होते. ऑफिसातली बाई म्हणते कॉम्प्युटर आपोआप हलतो. एलईडी मॉनिटर फार वीज खात नाहीत, सगळे यूपीएसवर घ्या, प्रिंटर मात्र तिथून काढा.

कधी एखादी विंडो बंद पडलेल्या मॉनिटरवरच अडकून बसते, टास्कबारवर दिसते पण स्क्रीनवर नाही. टास्कबारवर तिच्यावर क्लिक करा, विंडोजचं बटण आणि शिफ्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबा, ती दुसऱ्या स्क्रीनवर उडी मारते.

उजवा १९ इंची. तुम्ही लिहिलं नाहीत, पण चौकोनी आहे म्हणजे १२८० बाय १०२४चा आणि व्हीजीएचा असणार, आणि नव्या कार्डाला व्हीजीए नाही म्हणून दुकानदाराच्या पोराने ती केबल सीपीयूच्या वरच्या भागात, मदरबोर्डच्या व्हीजीएत लावली असणार. केबल बसते, म्हणून तो 'झालं' म्हणून निघून जातो. पण वेगळं कार्ड बसलं की बऱ्याच मदरबोर्डांवर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप झोपतं. बायोसमध्ये (मशिन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) 'आयजीपीयू मल्टि-मॉनिटर' असा किंवा तत्सम पर्याय असतो, तो चालू केला की मदरबोर्डचं पोर्ट जागं होतं. पहिला डिस्प्ले म्हणून मात्र कार्डच ठेवा. तत्पूर्वी प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्सच नाही आणि मदरबोर्डची डिस्प्लेची पोर्टं शोभेची आहेत. एएमडीच्या रायझन ५ ५६००चंही तसंच, ५६००जीमध्ये मात्र ग्राफिक्स आहे.

तसं असेल तर कार्डावरच्या रिकाम्या डिस्प्लेपोर्टातून व्हीजीए काढणारं कन्व्हर्टर घ्या. ते फार महाग नसतं. फक्त घेताना दिशा बघा, कारण कन्व्हर्टर हा एकदिशा मार्ग आहे. कार्डावरच्या डिस्प्लेपोर्टातून एचडीएमआय मॉनिटरला जाणारी साधी केबल सहसा चालते, पण कार्डावरच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरला जायला आत चिप असलेलं, बहुधा यूएसबीतून वीज घेणारं कन्व्हर्टर लागतं. दोन्ही टोकं दिसायला तीच, म्हणून लोक उलटी लावतात आणि मॉनिटरला शिव्या देतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' दिसत असेल तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा. ड्रायव्हर बसलेलाच नाही, आणि त्या अवस्थेत एकापेक्षा जास्त स्क्रीन चालणारच नाहीत. कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका. आणि हसू नका, पण विंडोजचं बटण आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडलेलं आहे ना तेही बघा. या एका कळीसाठी मी नाशिक रोडहून गंगापूर रोडला गेलेलो आहे.

धूसर अक्षरांचं कारण सरळ आहे, उपाय थोडा नखरेल. २४ इंची फुल एचडीवर एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात, २७ इंची फोर-केवर १६३. अक्षरं मुंगीएवढी होऊ नयेत म्हणून विंडोज फोर-केला १५० टक्के मोठं करतं, डाव्याला १०० टक्केच ठेवतं. नवी सॉफ्टवेअर हे समजून अक्षरं नव्याने काढतात. जुन्यांना दोन स्क्रीनची दोन मापं असू शकतात ही कल्पनाच नसते, विंडोजमध्ये तशी सोय आली तीच २०१३च्या ८.१पासून. मग विंडोज त्यांच्या विंडोचा फोटो काढावा तशी ती ताणून मोठी करतं, आणि ताणलेला फोटो धूसरच दिसणार. सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', खालच्या ओव्हरराइडवर टिक करून 'अ‍ॅप्लिकेशन' निवडा. अक्षरं कोरीव होतील पण बारीकही होतील, बटणं एकमेकांवर चढतीलही. तसं झालं तर तिथेच 'सिस्टम (एन्हान्स्ड)' करून बघा. माझं मत विचाराल तर ते सॉफ्टवेअर डाव्या मॉनिटरवर वापरा आणि फोर-केवर पीडीएफ आणि एक्सेल उघडा. डोळ्यांशी भांडण्यात अर्थ नाही.

जाता जाता फोर-केचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नवं होतं, तो बघा, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये दिसतो. ३० हर्ट्झ असेल तर माऊस चिखलातून चालल्यासारखा वाटतो. एचडीएमआय १.४ फोर-केला ३०पर्यंतच नेते, ६०साठी दोन्हीकडे २.० लागतं किंवा डिस्प्लेपोर्ट १.२. काही मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती जुनी करून ठेवलेली असते, तीही पाहा.

उजवा मॉनिटर सुरू झाला की तुम्हाला पाचवी तक्रार सुचेल ती आधीच सांगून ठेवतो: माऊस कडेला अडकू शकतो. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये तिन्ही मॉनिटरची चौकटी चित्रं दिसतात. मधलं मोठं, उजवं पिटुकलं, कारण तिथे इंच नाही, ठिपके मोजले जातात. जिथे दोन चौकटी एकमेकींना चिकटलेल्या आहेत तिथूनच माऊस सरळ पलीकडे जातो, बाकी कडेला बऱ्याचदा भिंत. उजवी चौकट ओढून मधलीच्या अशा उंचीवर आणा जिथे तुमचा हात सवयीने जातो, बहुधा मध्यावर किंवा खालच्या कडेला, आणि 'अप्लाय' करा. दोन-तीनदा मागे-पुढे करावं लागेल.

हे सगळं झाल्यावर प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळून पेनाने डावा, मधला, उजवा असं लिहा, आणि मोबाईलवर मागच्या बाजूचा एक फोटो काढून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी त्या सगळ्या उपटणारच आहे.